आकाशकंदील, बोगाँगची पाखरं आणि ४५ ग्रॅमचा पॉसम

पळसफूल | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, पण घरात त्यावरून दोन दिवस अबोला आहे म्हणून इथे टाकतेय.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. दरवर्षी वसुबारसेला आकाशकंदील लागतो, गॅलरीला आणि पुढच्या कुंपणाला दिव्यांच्या माळा लागतात, त्या तुळशीच्या लग्नापर्यंत रात्रभर चालू. यंदा लेकीने (वय ८) जाहीर केलं की माळा लावायच्या नाहीत. कारण? "पॉसमची बाळं उपाशी मरतात."

शाळेत त्यांना माउंटन पिग्मी पॉसमवर प्रकल्प आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा आपल्या छतावर धुडगूस घालणारा, कचऱ्याचे डबे उपडे करणारा पॉसम नव्हे. हा मुठीत मावेल एवढा, वजन साधारण ४५ ग्रॅम, म्हणजे एका बेसनाच्या लाडवाएवढं. शेपूट अंगापेक्षा लांब. निशाचर, शिशुधान प्राणी, पोटाच्या पिशवीत चार पिल्लं मावतात. जगात फक्त इथल्या आल्प्स पर्वतात राहतो, तोही तीनच ठिकाणी: व्हिक्टोरियात माउंट बोगाँग ते माउंट हिगिनबॉथम हा पट्टा आणि माउंट बुलर, आणि न्यू साउथ वेल्समध्ये कॉझिअस्को. सगळे मिळून प्रौढ जनावरं दोनेक हजार. अतिसंकटग्रस्त.

वर्षातले सहा-सात महिने तो बर्फाखाली झोपलेला असतो. वसंतात उठतो तेव्हा हाडांची काडं झालेली असतात, त्यात लगेच माद्यांना पिल्लं होतात, आणि नेमक्या त्या वेळी हजार-हजार किलोमीटरवरून उडत येणारी बोगाँगची पाखरं (पक्षी नव्हेत, पतंग) डोंगरात पोहोचतात. तीच त्यांची पंगत. पाखरं वाटेत शहरांच्या दिव्यांना भुलली की पंगतीला पोहोचत नाहीत. म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर घराबाहेरचे नको असलेले दिवे बंद ठेवा, अशी इथल्या झूज व्हिक्टोरिया या प्राणिसंग्रहालयांच्या संस्थेची मोहीम आहे.

आणि बघा ना, नवरात्र, दिवाळी, तुळशीचं लग्न, सगळं नेमकं त्याच महिन्यांत.

नवरा म्हणतो वर्षातून चार दिवस, त्यात काय आभाळ कोसळणार आहे. लेक म्हणते एक दिवस पण नाही. मी मध्ये. कोणी काही केलंय का असं? आणि मुळात आमच्या दोन माळांनी खरंच फरक पडतो का?

---

गप्पीदास | १२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

शीर्षक वाचून वाटलं पाककृती आहे. ४५ ग्रॅम पॉसम, चवीपुरतं मीठ.

म्हणजे आपल्याकडची चिचुंद्री का ही?

---

पळसफूल | १२ ऑक्टोबर, रात्री १०:११

@गप्पीदास लेकीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती तुमच्याशी बोलत नाहीये.

नाही, चिचुंद्री नव्हे. कांगारूच्या लांबच्या भाऊबंदांपैकी.

---

डोंगरयात्री | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

पळसफूलताई, मी कॅनबेरात आहे, कॉझिअस्कोच्या बाजूला पंधरा वर्षं भटकतोय. पॉसम एकदाही दिसलेला नाही, पण त्याचं घर बघितलंय, तेवढं सांगतो.

माथ्याजवळच्या उतारांवर मोठमोठ्या धोंड्यांचे पसारे असतात. आपल्या हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत कसे धोंडे एकमेकांवर रचलेले असतात, तसे, पण खूप खोलवर. इकडे ग्रॅनाइट, हॉथमकडे (हिगिनबॉथमच्या पट्ट्यातला डोंगर) बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाणच. धोंड्यांवर एक बुटकं, पसरट झुडूप वाढतं, माउंटन प्लम पाइन. इतकं हळू वाढतं की मनगटाएवढं खोड दिसलं तर ते आपल्या पणजोबांच्या आधीचं असू शकतं. त्याची लाल फळं आणि बिया हे पॉसमचं उन्हाळा सरतानाचं खाणं.

जानेवारीत भर दुपारी अशा दोन धोंड्यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला होता. वर टोपीखाली घाम, आणि आत फ्रीजचं दार उघडल्यासारखी गार हवा बोटांना लागत होती. लगेच हात काढला, कारण इथे फटीत साप असण्याची शक्यता पॉसमपेक्षा कितीतरी जास्त.

थंडीत त्या पसाऱ्यावर बर्फ साठतं. बाहेर उणे दहा झालं तरी बर्फाखाली शून्याच्या एक-दोन अंश वरच राहतं. पॉसम अंग गुंडाळून चेंडू करतो, शरीराचं तापमानही दोनेक अंशांपर्यंत उतरतं, आणि झोपण्याआधी साठवलेली चरबी चमचा-चमचा करून जाळत बसतो. बर्फ कमी पडलं किंवा लवकर वितळलं तर गोधडीच ओढून घेतल्यासारखं होतं. जाग येते, चरबी संपते, आणि बाहेर यावं तर पाखरं अजून आलेली नसतात.

तेव्हा खरा वैरी आकाशकंदील नव्हे, तापमानवाढ आहे असं माझं मत. पण दिव्यांचं लिहितो वेगळं, आत्ता ऑफिस.

---

नकारघंटा | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

झालं सुरू. फुटबॉलची मैदानं रात्रभर उजळलेली चालतात, डिसेंबरभर अख्ख्या गल्लीत रेनडिअर चमकतात ते चालतं, आणि त्याग कोणी करायचा, तर चार पणत्या लावणाऱ्याने. परदेशात राहून आपणच आपले सण आवरते घ्यायचे.

---

संख्यावेडा | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

@नकारघंटा डिसेंबरात पाखरं डोंगरात पोहोचून गुहेत झोपलेली असतात हो. रेनडिअरला पंचांगाने वाचवलं, त्यात आपला दोष नाही.

मैदानांबद्दल मात्र सहमत.

पळसफूल, तुमच्या मूळ प्रश्नाचं सरळ उत्तर: दोन माळांनी फरक जवळपास शून्य. बोगाँगची संख्या २०१७ च्या सुमाराला जी कोसळली तिचं मुख्य कारण दुष्काळ. पूर्वी दर वसंतात अंदाजे ४४० कोटी पाखरं डोंगरात येत. ज्या गुहांवर वर्षानुवर्षं लक्ष होतं त्यांत २०१७-१८ मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, काही गुहा रिकाम्या. त्या हंगामात पॉसमच्या माद्या तपासल्या तेव्हा अनेकींच्या पिशव्यांत पिल्लं होती ती नंतर गायब झालेली. आईलाच खायला नाही तर दूध कुठून येणार. डिसेंबर २०२१ मध्ये हे पाखरूच संकटग्रस्त यादीत गेलं. नंतर पावसाची वर्षं आली तशी थोडी भरपाई झाली, पूर्ववत नाही.

त्यांच्या अळ्या वाढतात त्या दक्षिण क्वीन्सलंडच्या आणि न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेच्या काळ्या मातीत, थोड्या पश्चिम व्हिक्टोरियातही. तिथे सलग तीन वर्षं पाऊस नाही, वर शेतीतली औषधं. दिवे हे त्यावरचं शेपूट.

थोडक्यात, लेकीचं म्हणणं तत्त्वतः बरोबर, प्रमाणात चूक.

---

हरभरा_भाकर | १३ ऑक्टोबर, दुपारी १:४०

मी शेतकरी माणूस, अकोल्याकडचा. तुमचा पॉसम आजच कळला. पण काळ्या मातीतली अळी म्हटल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

संख्यावेडा, त्या पाखराचं शास्त्रीय नाव काय? अ‍ॅग्रोटिस काही आहे का? आमच्या हरभऱ्यात रोपं कुरतडणारी अळी असते, दिवसा ढेकळाखाली वेटोळं करून बसते, रात्री रोप जमिनीलगत कापते. सकाळी जाऊन बघावं तर कोवळं रोप कोयत्याने छाटल्यासारखं आडवं. ती अ‍ॅग्रोटिस इप्सिलॉन.

---

संख्यावेडा | १३ ऑक्टोबर, दुपारी १:५५

अ‍ॅग्रोटिस इन्फ्युजा! काका, तुमच्या अळीची सख्खी चुलत बहीण. सवयीही त्याच, तिकडचे शेतकरीही तिला शिव्याच देतात.

---

हरभरा_भाकर | १३ ऑक्टोबर, दुपारी २:३०

बघा. म्हणजे एकाचं कीड, दुसऱ्याचं पोट.

आता दिव्याचं सांगतो. तुम्ही म्हणता दोन माळांनी फरक शून्य. आम्ही शेतात प्रकाश सापळा लावतो. एक बल्ब, खाली टप, टपात पाणी, त्यात थोडं रॉकेल. बस. सात ते दहा लावायचा आणि बंद करायचा, कारण रात्रभर ठेवला तर मित्रकीटकही मरतात. एका बल्बला सकाळी टपभर पाखरं निघतात. एका. तेव्हा एका दिव्याची ताकद कमी समजू नका.

आणि दुसरी गोष्ट. सापळा पौर्णिमेला ओस असतो. सगळ्यात जास्त पाखरं पडतात अमावस्येला. आभाळात काही नसतं तेव्हा तुमचाच दिवा त्यांना चंद्र.

लक्ष्मीपूजन कधी असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

---

गप्पीदास | १३ ऑक्टोबर, दुपारी २:४१

काका, दंडवत. पॉपकॉर्न बाजूला ठेवून सरळ बसलो.

---

पळसफूल | १३ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

अमावस्येचं डोक्यातच आलं नव्हतं! दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात पाखरं जास्त येतात असं वाटायचं, मी समजत होते फराळाच्या वासाने.

---

डोंगरयात्री | १३ ऑक्टोबर, रात्री ८:२०

हरभरा काकांनी बरोबर नस पकडली.

ही पाखरं वाट शोधतात कशी, यावर स्वीडनच्या लुंड विद्यापीठाच्या एरिक वॉरंट यांच्या चमूने बरीच वर्षं काम केलंय. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं की पाखरांना पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जाणवतं, ते डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांशी ताडून बघतात. यंदा, २०२५ मध्ये, त्याच्या पुढचं आलं: ताऱ्यांनी भरलेलं आभाळ बघून त्यांना नेमकी दिशा ठरवता येते. पाखराला मधोमध बांधलं, वर खोटं आभाळ दाखवलं, चुंबकीय क्षेत्र काढून टाकलं, तरी ते योग्य दिशेला उडत राहिलं. आभाळ उलटं फिरवलं तर तेही उलटं वळलं. तारे विस्कटून टाकले तर भांबावलं. आणि हे जे पाखरू जातंय ते आयुष्यात पहिल्यांदाच जातंय, आईबाप आधीच मेलेले. मेंदू तांदळाच्या दाण्याहून लहान.

कॅनबेरा पडतं बरोबर त्यांच्या वाटेत. संसदेची नवी इमारत १९८८ ला उघडली, टेकडीवर, दिव्यांच्या झोतात, आणि पाखरांचे लोंढेच्या लोंढे आत. अजूनही हंगामात तिथले बाहेरचे दिवे कमी करतात.

एकदा डिसेंबरात माथ्याजवळच्या एका कपारीत टॉर्चवर लाल कागद लावून डोकावलो होतो. आधी वाटलं दगडाला खवले आहेत. मग कळलं की भिंतभर पाखरंच. प्रत्येकाने डोकं पुढच्याच्या पंखाखाली खुपसलेलं, मंगलोरी कौलं कशी एकावर एक चढवतात तशी ओळ. दाट ठिकाणी एका चौरस मीटरला सतरा हजार भरतात. खाली जमिनीवर पंखांचा भुगा, बुटाला पिठासारखा चिकटला. उन्हाळाभर अशी ग्रीष्मनिद्रा, मग शरदात पुन्हा उत्तरेला जाऊन अंडी.

इथले मूळनिवासी हजारो वर्षं या पाखरांसाठी उन्हाळ्यात डोंगरावर जमत. वेगवेगळ्या टोळ्या, लग्नं, तंटे मिटवणं, आणि भाजलेली पाखरं. गुनाइकुर्नाई लोकांच्या भागातल्या क्लॉग्ज गुहेत सापडलेल्या एका दगडी पाट्यावर पाखरांचे अवशेष निघाले, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. चवीला बदामासारखी लागतात म्हणे. मी नाही खाल्लेली.

---

गप्पीदास | १३ ऑक्टोबर, रात्री ८:३३

माझ्या पहिल्या प्रतिसादातली पाककृती शेवटी निघालीच की!

---

नकारघंटा | १३ ऑक्टोबर, रात्री ९:००

सगळं मान्य. तरी माझा मुद्दा तिथेच. एखादा प्राणी अशा खडकात, अशा बर्फात, अशा एकाच पाखरावर जगत असेल तर तो आज ना उद्या जाणारच. निसर्गाने त्याला कोपऱ्यात ढकललंय. आपण किती ओढून धरायचं?

---

रानजाई | १३ ऑक्टोबर, रात्री ११:२०

(प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे. वाचनमात्र असते, पण वरचं वाचून लॉगिन केलं.)

"जाणारच" असं या प्राण्याबद्दल एकदा सगळे मानून बसले होते. १८९५ च्या सुमाराला रॉबर्ट ब्रूम यांना वॉम्बियन गुहांत याच्या जबड्याचे जीवाश्म मिळाले, त्यावरून नाव पडलं. प्राणी केव्हाच नामशेष झालेला असं समजून सत्तर वर्षं गेली. मग १९६६ मध्ये माउंट हॉथमवरच्या एका स्की क्लबच्या झोपडीत एक जिवंत सापडला. ज्याची आपण तेरवी केली तो स्वयंपाकघरात खुडबुडतोय.

आणि तो "कोपऱ्यात ढकललेला" असेलच असं नाही. त्याच्या कुळातल्या जुन्या प्राण्यांचे जीवाश्म कोट्यवधी वर्षं जुने आहेत आणि ते सखल, दमट जंगलातले. म्हणजे बर्फ हे त्याचं मूळ गाव नव्हे, नंतरचं बिऱ्हाड आहे. यावरूनच जीवाश्मशास्त्रज्ञ माइक आर्चर वगैरे मंडळींनी न्यू साउथ वेल्समधल्या लिथगोजवळ सीक्रेट क्रीक अभयारण्यात कमी उंचीवर त्यांची पैदास सुरू केली आहे. सखल भागात तगतात का, हे बघायला. मला स्वतःला या प्रयोगाबद्दल धाकधूक आहे. त्यात मांजरं आणि कोल्हे खाली जास्त. पण हातावर हात ठेवण्यापेक्षा बरा.

मदत केली की ही मंडळी सावरतात याचे दोन दाखले देते.

पहिला हिगिनबॉथमचा. तिथे माद्या वर, चांगल्या जागेत राहतात, आणि नर मीलनाचा काळ संपला की खाली निघून जातात. मध्ये रस्ता आणि स्कीची हॉटेलं आली. नरांची वाट तुटली, ते वरच अडकले, आणि हिवाळ्यात माद्यांच्या तोंडचा घास कमी पडू लागला. १९८५ च्या सुमाराला संशोधक इयन मॅन्सर्ग यांनी रस्त्याखालून बोगदा काढून घेतला, आणि त्याच्या तोंडापर्यंत धोंड्यांची रांग रचली, कारण हा प्राणी उघड्यावर चालत नाही. नर जायला लागले, माद्या हिवाळ्यात जास्त जगू लागल्या. लोकांनी बोगद्याचं नाव ठेवलं प्रेमाचा बोगदा. खरं तर तो नवऱ्यांना माहेरी पाठवायचा बोगदा आहे.

दुसरा बुलरचा. १९९६ मध्ये तिथे ही वस्ती सापडली तेव्हा तीनशेच्या आसपास होती. दहा-बारा वर्षांत चाळीसवर आली, सगळी एकमेकांच्या नात्यातली. २०११ मध्ये हॉथमकडून काही नर आणून सोडले. परगावचं स्थळ मानवलं. संकरित पिल्लं आकाराने मोठी, जास्त जगणारी निघाली आणि वस्ती पुन्हा वाढली.

माद्या रानात दहा-बारा वर्षं जगतात, एवढ्याशा जिवाला हे फार आहे. एखादं वाईट वर्ष त्या काढू शकतात. लागोपाठची तीन नाही.

---

नकारघंटा | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

@रानजाई "नवऱ्यांना माहेरी पाठवायचा बोगदा" यासाठी तुम्हाला दहा गुण. माझा विरोध तात्पुरता मागे.

---

संख्यावेडा | १४ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

मीही "शून्य" हा शब्द मागे घेतो. "थोडा" म्हणू.

---

आंबोली_आज्जी | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

सूनबाई (तुझं खरं नाव माहीत नाही म्हणून), आमच्या लहानपणी दिवाळीला रोषणाई म्हणजे पणत्या आणि एक कंदील. कंदिलात मेणबत्ती, ती दहाच्या आत विझायची, कारण कागद पेटेल म्हणून वडील उतरवून ठेवत. रात्रभर दिवा ठेवायची रीत विजेच्या माळांनी आणली. तेव्हा दहाला बंद केल्याने काही शास्त्र बुडत नाही. नंदादीप देवापाशी, घरात. तो रात्रभर तेवला तरी खिडकीतून पाखरांना दिसत नाही.

तेलाच्या पणतीवर पाखरू येतं, नाही असं नाही. पण ती दोन तासांत आपली आपणच शांत होते.

---

काजवेवाला | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

आज्जी +१.

मी अकोले तालुक्यातला. भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजवे बघायला गर्दी होते. गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च. काजव्याचं बोलणंच उजेडाचं, त्यात तुम्ही फ्लॅश मारला की नराला मादी दिसत नाही. आम्ही गावातली पोरं पाहुण्यांना टॉर्चवर लाल जिलेटिन लावायला देतो. निम्मे ऐकतात. बाकीचे म्हणतात, एका टॉर्चने काय होतंय.

पळसफूलताई, एक व्यवहाराचं: माळा पांढऱ्या-निळ्या असतील तर बदला. पिवळ्या, केशरी उजेडावर पाखरं कमी येतात.

---

पळसफूल | १४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. तहाची कलमं ठरली आहेत, लेकीने वहीत लिहून बाबाची सही घेतली:

कुंपणाच्या पांढऱ्या माळा नाहीत. कंदील केशरी, आतला बल्ब बारीक, नऊ वाजता बंद. (इथे सूर्यच मावळतो पावणेआठच्या आसपास, म्हणजे आम्हाला तास-सव्वा तास मिळतो. बाबाने साडेनऊ मागितले होते, मिळाले नाहीत.) पणत्या हव्या तेवढ्या. लक्ष्मीपूजनाला बाहेर विजेचा दिवा एकही नाही.

आणि रात्री पाखरू दिसलं की फोटो काढून मॉथ ट्रॅकरवर टाकायचा. लोकांनी पाठवलेल्या अशा फोटोंवरून कुठे किती पाखरं उडाली त्याचा माग ठेवतात.

---

गप्पीदास | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४४

लेकीला विचारा, आता बोलेल का माझ्याशी.

---

पळसफूल | १४ ऑक्टोबर, रात्री ९:५०

"विचार करते" असा निरोप आहे.

---

पळसफूल | २५ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

धागा वर काढते.

दिवाळी झाली. कंदील पाचही दिवस नऊला बंद. समोरच्या पंजाबी काकूंनी विचारलं वीज गेली का, त्यांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि माळा तशाच ठेवल्या. गल्लीच्या टोकाच्या गोदामाचे झोत तर सूर्यालाही लाजवतील असे, ते चालूच. नगरपालिकेला मेल केला आहे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्या विझल्यावर आम्ही तिघं मागच्या पायरीवर बसलो होतो. गोदामाची बाजू सोडली तर बऱ्यापैकी अंधार. दहाच्या सुमाराला जाळीच्या दाराला काहीतरी टप्पकन आपटलं. लेकीने लाल कागद लावलेला टॉर्च धरला (काजवेवाले, थँक्यू). मातकट तपकिरी पाखरू, अंगठ्याच्या पेराहून थोडं मोठं, पंख पाठीवर चपटे मिटलेले. प्रत्येक पंखावर एक काळसर पट्टा आणि त्यात दोन फिकट ठिपके, एक गोल, एक शेंगदाण्याच्या आकाराचा. अंग थरथरत होतं, उडण्याआधी पंख तापवतात तसं. आम्ही श्वास रोखून दोन फोटो काढले. मग ते जाळी सोडून गोदामाच्या विरुद्ध बाजूला गेलं.

काल ट्रॅकरकडून उत्तर आलं. बोगाँगच आहे.

बाबा म्हणाला, एक तर एक. लेकीने त्याच्या गणितात सुधारणा केली: पॉसम एका रात्रीत किती खातो ते आधी शोधायचं आणि मग बोलायचं. रानजाई, आकडा असेल तर द्या, नाहीतर मला झोपू देत नाहीये.

---

हरभरा_भाकर | २५ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

अभिनंदन पोरीचं. इकडे हरभऱ्याची पेरणी चालू आहे. परवा ढेकळाखाली एक अळी निघाली, वेटोळं करून बसलेली. नेहमीप्रमाणे चिरडली. पण आधी क्षणभर बघत बसलो, हे खरं.

---

गप्पीदास | २५ ऑक्टोबर, दुपारी १२:१९

निरोपाची वाट बघतोय अजून.